विक्रमी स्टील रोलर कोस्टर आणि यात्रेतला झुला : विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या गावांतून हे प्रश्न सतत येतात. बहिरमची यात्रा भरली की त्यांची गर्दी होते, आणि शाळेच्या सहलींचे दिवस आले की पुन्हा. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. स्टील रोलर कोस्टर म्हणजे नेमकं काय? यात्रेतल्या ड्रॅगन गाडीलाही तेच म्हणायचं का?

पोलादी नळ्यांच्या रुळांवरून धावणारी, आणि एकदा वर नेऊन सोडली की बहुतेक वाट स्वतःच्या वजनावर कापणारी गाडी म्हणजे स्टील रोलर कोस्टर. आधीचे कोस्टर लाकडी फळ्यांच्या थरांवर पोलादी पट्टी ठोकून बनत. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्न सुरू झाला. नळीच्या रुळाचा तो पहिला कोस्टर, अ‍ॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने बांधलेला. नळी हव्या त्या दिशेने वाकवता येते, म्हणून पुढे गिरक्या आणि उलटे फेरे शक्य झाले.

यात्रेतली ड्रॅगन गाडी याच घराण्यातली, पण तिच्यात मोटर असते आणि ती पूर्ण फेरीभर गाडी ओढते. त्यामुळे वेग कमी राहतो. जोखीम मात्र वेगाइतकीच जोडणीवरही अवलंबून असते, ते प्रश्न १९ मध्ये पाहा.

२. जगातला सगळ्यात उंच आणि वेगवान कोणता?

सौदी अरेबियात किद्दिया इथे उभारलेला फाल्कन्स फ्लाइट उंची, वेग आणि लांबी या तिन्हींत आधीच्या सगळ्यांच्या पुढे आहे. वेग ताशी २५० किलोमीटर, लांबी चार किलोमीटरहून जास्त.

त्याआधी हे मान वेगवेगळ्या कोस्टरांकडे होते. उंचीचा मान अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किंगडा का या कोस्टरकडे, १३९ मीटर, २००५ पासून. वेगाचा अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधल्या फॉर्म्युला रोसाकडे, ताशी २४० किलोमीटर, २०१० पासून. लांबीचा जपानच्या नागाशिमा स्पा लँडमधल्या स्टील ड्रॅगन २००० कडे, २,४७९ मीटर. उंचीच्या शर्यतीतले टप्पे सांगायचे तर १९८९ मध्ये मॅग्नम एक्सएल-२०० ने दोनशे फुटांची हद्द ओलांडली, २००० मध्ये मिलेनियम फोर्सने तीनशेची आणि २००३ मध्ये टॉप थ्रिल ड्रॅगस्टरने चारशेची. हे तिन्ही ओहायोतल्या सीडर पॉइंट या एकाच पार्कात.

३. गाडीला इंजिन नाही, मग इतका वेग येतो कुठून?

उंचीतून. सूत्र साधे आहे: वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वीय त्वरण × उतार. मिलेनियम फोर्सचा पहिला उतार ९१ मीटरचा आहे. २ × ९.८१ × ९१ चे वर्गमूळ काढले की सेकंदाला सव्वाबेचाळीस मीटर येतात, म्हणजे ताशी १५२ किलोमीटर. प्रत्यक्षात नोंदलेला वेग १५० आहे. मधले दोन किलोमीटर हवेचा रेटा आणि चाकांचे घर्षण खातात.

या हिशेबात गाडीचे वजन कुठेच येत नाही, आणि त्यावर शाळेतली मुले हमखास अडतात. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा किंचित वेगाने धावते, कारण हवेचा रेटा जवळपास तेवढाच असतो आणि तो जड गाडीला कमी अडवतो.

दुसरी रीत लाँचची. फॉर्म्युला रोसाची उंची फक्त ५२ मीटर आहे, त्या उतारातून २४० चा वेग येऊच शकत नाही. तिथे गाडी सपाट रुळावर दोराने ओढून पाच सेकंदांच्या आत सोडतात. ही यंत्रणा प्रश्न ९ मध्ये समजावली आहे.

४. टेकाडावरून उडून गाडी रुळाबाहेर का जात नाही?

कारण रूळ चाकांच्या मुठीत असतो. प्रत्येक चाकजोडीत तीन प्रकारची चाके असतात: वरची वजन पेलणारी, बाजूची वळणावर दाब घेणारी आणि रुळाच्या खालून लागलेली. टेकाडाच्या माथ्यावर गाडी वर उचलली जाऊ लागली की ही खालची चाके रुळाला भिडतात. अमेरिकन अभियंता जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये या खालच्या चाकांचे पेटंट घेतले. आज वेगवान कोस्टरांत ती ठरलेलीच असतात.

५. उलट्या फेऱ्यात माणूस खाली का पडत नाही? आणि तो फेरा गोल नसून लांबट का असतो?

माथ्यावर गाडीचा वेग पुरेसा असेल तर आसनच माणसाला वळणाच्या आत रेटत असते. पट्टा नसता तरी तो आसनाला चिकटून राहील. पट्टा आणि दांडी असते ती गाडी माथ्यावर रेंगाळली किंवा थांबली तर त्या वेळेसाठी.

बारावीच्या भौतिकशास्त्रातला उभ्या वर्तुळाचा धडा आठवा. वर्तुळ जेमतेम पूर्ण करायचे तर तळाशी वेगाचा वर्ग ५gR लागतो (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, R म्हणजे वर्तुळाची त्रिज्या). मग तळाशी अंगावर येणारा भार होतो ५g अधिक स्वतःचा १g, एकूण ६g. साठ किलोचा माणूस त्या क्षणी ३६० किलोचा झाल्यासारखा दबतो. मानेला आणि डोक्यातल्या रक्तपुरवठ्याला हा झटका झेपत नाही. म्हणून फेऱ्याचा तळ मोठ्या त्रिज्येचा आणि माथा लहान त्रिज्येचा ठेवतात. तळाशी वेग जास्त पण वळण सैल, वर वेग कमी पण वळण घट्ट. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्होल्यूशन कोस्टरवर असा उभा फेरा यशस्वीपणे आला. त्यामागे जर्मनीचे अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल होते.

६. चढताना टक-टक-टक आवाज येतो, काही तुटत असते का?

नाही. गाडीखाली लोखंडी खिटी असते, ती चढावरच्या दातेरी पट्टीवरून एकेक दात मागे टाकत जाते. साखळी तुटली तरी खिटी शेवटच्या दातात अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. तो आवाज चालू असणेच बरे. काही नव्या कोस्टरांत चुंबकाने ही खिटी उचलून धरतात, तिथे चढाव शांत असतो.

७. एकाच रुळावर दोन-तीन गाड्या सोडतात, मागची पुढचीवर आपटत नाही का?

रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम संगणक पाळतो. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता येईल अशी जागा असावी लागते: चढाव, स्थानक किंवा मधला ब्रेक. म्हणून गाड्यांपेक्षा ब्लॉक किमान एकाने जास्त ठेवतात. तीन गाड्या चालवायच्या तर चार ब्लॉक.

स्थानकावर चढा-उतर रेंगाळली की मागची गाडी मधल्या ब्रेकवर उभी राहते. लोक घाबरतात, पण यंत्रणा तेव्हा अगदी बरोबर चालत असते. गोंधळ होतो तो अडकलेली गाडी पुढे काढायला माणूस संगणकाचे कुलूप हाताने उघडतो तेव्हा. इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्सच्या स्माइलर कोस्टरवर २०१५ मध्ये हेच झाले. पुढे रिकामी गाडी उभी असताना ब्लॉकची अडवणूक ओलांडून भरलेली गाडी सोडली गेली आणि ती जाऊन धडकली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला.

८. आमच्याकडे लाईट केव्हाही जाते. चालू कोस्टरमध्ये लाईट गेली तर?

तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी होतात.

गाडी चढावावर असेल तर साखळी थांबते आणि खिटी गाडी धरून ठेवते (प्रश्न ६). बाजूला जिना असतो, कर्मचारी एकेका रांगेची दांडी हाताने सोडून लोकांना उतरवतात. आपण होऊन उठायचा प्रयत्न करू नये.

गाडी उतारावर असेल तर तिला विजेची गरजच नाही. ती पुढच्या ब्रेकपर्यंत धावते. तिथले दाबाचे ब्रेक स्प्रिंगने बंद आणि हवेच्या दाबाने उघडे राहणारे असतात. ट्रकच्या हँडब्रेकसारखेच: हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो.

शेवटच्या टप्प्यात बहुधा चुंबकी ब्रेक असतात. गाडीखालचे धातूचे पाते कायमच्या चुंबकांमधून गेले की पात्यात भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि गाडी मंदावते. त्याला वीज लागत नाही, पाते घासतही नाही. मर्यादा एकच: वेग कमी झाला की जोरही कमी होतो. चुंबक गाडीला मुंगीच्या चालीवर आणतो, पूर्ण थांबवत नाही. त्यासाठी शेवटी दाबाचा ब्रेक किंवा रबरी टायर लागतो.

९. किंगडा का पाडून टाकला म्हणतात, खरं आहे का? आणि तो कधी कधी अर्ध्यातून मागे का यायचा?

खरे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पार्कने तो कायमचा बंद केल्याचे जाहीर केले आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटकांनी मनोरा पाडला.

मागे येण्याचे कारण त्याच्या लाँचमध्ये होते. पंप तेल दाबून टाक्यांमध्ये साठवतात. त्या टाक्यांत दुसऱ्या बाजूला दाबलेला नायट्रोजन असतो. सोडायच्या क्षणी ते तेल एकदम हायड्रॉलिक मोटरांत जाते, मोटरा मोठा ढोल फिरवतात, ढोलावर पोलादी दोर गुंडाळला जातो आणि दोराला जोडलेली ढकलगाडी प्रवासी गाडीला ओढते. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर. प्रश्न ३ च्या सूत्रात हा वेग घाला: घर्षण नसते तर गाडी सुमारे १६७ मीटर चढली असती. मनोरा १३९ मीटरचा. मधल्या २८ मीटरच्या शिलकीतून हवेचा रेटा, चाकांचे घर्षण आणि माथा ओलांडायला लागणारा वेग भागवायचा. समोरून वारा, थंड पडलेली चाके, ओला रूळ, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या की शिलक संपते आणि गाडी माथ्याआधीच थबकून परत येते.

ते गृहीत धरूनच रचना केलेली होती. गाडी सुटताच सपाट रुळावरची चुंबकी ब्रेकची पाती वर येत आणि परत येणारी गाडी तिथे मंदावे. बसलेल्यांच्या दृष्टीने ते सुरक्षितच होते. पण दोर, ढोल आणि ढकलगाडी यांची झीज प्रचंड होते, म्हणून नवे लाँच कोस्टर बहुतेक रेषीय विद्युत मोटरांवर चालतात. त्यांत दोरच नसतो.

१०. चाकं कशाची असतात? लोखंडाची का नाही?

चाकाचा गाभा धातूचा, वर पॉलियुरेथेन (रबरासारखे चिवट प्लास्टिक) किंवा नायलॉनचा थर. कडक थर कमी घर्षणाने पळतो पण अंगाला थरथर देतो. मऊ थर शांत चालतो पण लवकर तापतो. नेहमीचा बिघाड म्हणजे थर गाभ्यापासून सुटणे. सुरुवातीला कडेला केसाएवढी फट दिसते, मग फुगवटा, मग तुकडा उडतो. रोज सकाळी चाक हाताने फिरवून कड पाहतात ती याचसाठी. स्टील ड्रॅगन २००० चे एक चाक २००३ मध्ये धावत्या गाडीतून निखळले आणि खालच्या जलविहारातला माणूस जखमी झाला. तो कोस्टर २००६ पर्यंत बंद राहिला.

११. आपल्या ४७ अंशांच्या उन्हात असा कोस्टर टिकेल का?

पोलाद टिकते. प्रश्न आहे फुगण्याचा. पोलादाची लांबी दर अंशाला १० लाखात १२ भागांनी वाढते. पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत उन्हात तापलेल्या रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला तर १०० मीटर रूळ ६ सेंटीमीटर वाढतो. वळणे आणि चढ-उतार थोडे बाहेर सरकून ही वाढ जिरवतात. लांब सरळ पट्ट्यात मात्र सरकते जोड किंवा तळाशी झुकू शकणारे खांब ठेवावे लागतात. ते नसले तर जोर खांबाच्या वेल्डवर जातो.

चाकांचा थर उन्हात मऊ होतो आणि सुटण्याची शक्यता वाढते. बेअरिंगचे ग्रीस पातळ झाल्याने गाडी दुपारी सकाळपेक्षा वेगाने धावते. म्हणून सकाळच्या रिकाम्या फेऱ्यांची वेळ आणि दुपारची वेळ वेगळी नोंदतात.

खरी अडचण अवकाळीची. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारनंतर वावटळ उठते, विजा कडाडतात. आसपासच्या शिवारात कोस्टर हीच सगळ्यात उंच पोलादी वस्तू असेल, तर वीज जवळ आल्याबरोबर गाड्या थांबवून लोक खाली आणावेच लागतात. गाडी बंद ठेवली म्हणून तिकीटखिडकीवर भांडू नये.

१२. काळ्या मातीच्या वावरात कोस्टरचा पाया धरेल का?

उथळ पाया धरणार नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. त्यावरचे घर भिंतीला तडे पाडून घेते, तेवढ्यावर भागते. कोस्टरचे तसे नाही. शेजारचे दोन खांब काही मिलीमीटरने वरखाली झाले तरी रुळाच्या रेषेत मोड येतो. त्या मोडावर प्रत्येक गाडी आदळते, बोल्ट ढिले होतात, वेल्ड तडकतो.

मातीची ही ऋतूंची हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोचते, म्हणून पायाने त्याखाली जावे लागते. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, रूढ केले. कंदाचा व्यास पाइलच्या सुमारे अडीच पट असतो, त्यामुळे माती वर ओढू लागली तरी पाइल उपटत नाही. घर, गोदाम, पाण्याची टाकी यांना ही पद्धत चांगली. उंच कोस्टरवर वाऱ्याचा आणि वळणावरच्या गाडीचा आडवा रेटा येतो, एका बाजूचा खांब अक्षरशः वर खेचला जातो. तिथे मोठ्या व्यासाचे पाइल मुरूम ओलांडून खडकात रुतवून वर जाड काँक्रीटची टोपी टाकतात. वऱ्हाडात काळ्या दगडाचा खडक असल्याने हे जमण्यासारखे आहे. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत माती वेगळी आणि पाणी वरच, तिथे नव्याने माती परीक्षण करूनच ठरवावे.

खांब बसवतानाची एक बारीक गोष्ट. काँक्रीटमधून वर आलेले बोल्ट साच्याच्या पत्र्याने जागेवर धरून ओततात, कारण एक बोल्ट सरकला तर खांबाची तळपट्टी बसतच नाही. तळपट्टी बोल्टवरच्या नटांनी पातळीत आणतात आणि मग खालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या पातळ मिश्रणाने) भरतात. साधे सिमेंट भरले तर ते आकसते, फट राहते आणि सगळा भार बोल्टवर येतो.

१३. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाईप वाकवून छोटा कोस्टर बनवून घेतला तर?

माणसे बसवण्यासाठी अजिबात नको. गेट आणि शेड करणारा कारागीर वेल्डिंग उत्तम करत असेल, तरीही नको.

पाईप साध्या बेंडरवर वाकवला की बाहेरची बाजू पातळ होते आणि गोलाई चपटी पडते. त्यावर चाके सारखी बसत नाहीत. दुसरे कारण थकवा. तासाला ३० फेऱ्या, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ७२,००० फेऱ्या होतात. गाडीला आठ डबे असतील तर रुळाच्या प्रत्येक जोडाला वर्षात पावणेसहा लाख हिसके बसतात. छताच्या वेल्डला आयुष्यात एवढे हिसके बसत नाहीत. बाहेरून भक्कम दिसणारा वेल्ड आतल्या बारीक पोकळीपासून तडकत जातो आणि एक दिवस सुटतो. कारखान्यात म्हणूनच वेल्डची ध्वनिलहरींनी आणि चुंबकी चूर्णाने तपासणी होते, प्रत्येक नळीचा पोलादाचा दाखला ठेवला जातो.

१४. आपल्याला जवळचा मोठा कोस्टर कुठे?

महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिकामधला नायट्रो, २०१३ चा. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा, पायाखाली फरशी नसलेला. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटा. यवतमाळ-चंद्रपूरकरांना हैदराबादचे वंडरला सोयीचे पडते: राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पांढरकवडा, आदिलाबाद करत सरळ. तिथला रिकॉइल आधी पुढे आणि मग त्याच रुळावरून उलटा मागे धावतो. सहल नेण्याआधी कोणता राइड दुरुस्तीसाठी बंद आहे ते विचारून घ्या. मुले त्याच एका राइडसाठी आलेली असतात.

१५. पोराले किती उंचीपासून बसवू द्यात? आणि अंगानं जाड माणूस बसू शकतो का?

पार्कातल्या पाटीवर लिहिलेली उंची अंतिम. मोठ्या कोस्टरांना बहुधा १२२ ते १३७ सेंटीमीटर लागते. विषय वयाचा किंवा धीराचा नसतो. मांडीवरची दांडी मांडी आणि कमरेच्या हाडावर धरते. मूल लहान असेल तर दांडी पोटावर येते आणि टेकाडावर मूल खालून निसटू शकते. चपलेत पुठ्ठा घालून किंवा टाचा उचलून उंची भरवणारे पालक आपल्याच मुलाचा जीव टांगतात.

जाड माणसाला दांडी ठरलेल्या खाचेपर्यंत बसली तर हरकत नाही. पार्काच्या दारात नमुन्याचे आसन असेल तर रांगेत लागण्याआधी तिथेच बसून पाहा. दांडी बसत नसताना कर्मचाऱ्याला ढकलून बसवायला लावू नका. ज्यांचा एखादा पाय मांडीपासून नाही, त्यांना केवळ मांडीवरच्या दांडीचे राइड सहसा चालत नाहीत, हातांची ताकद कितीही असली तरी.

१६. दुपट्टा, शेला, लांब केस, मोबाइल यांचं काय करायचं?

उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि गळ्यातला शेला उतरवून सोबत्याजवळ द्या. कमरेला बांधूनही ठेवू नका, सुटतो. वेणीचा अंबाडा घालून रबराने घट्ट बांधा. यात्रेतल्या झुल्यांत दांडा, पट्टा, दातेरी चाक पुष्कळदा उघडे असते, आणि त्यात केस गेले तर यंत्र थांबवायला वेळ मिळत नाही. खिशातला मोबाइल ताशी शंभरच्या वेगाने मागच्याच्या तोंडावर बसतो. चष्मा दोरीने बांधा किंवा काढा. फॉर्म्युला रोसावर डोळ्यांना गॉगल देतात, कारण त्या वेगात वाळूचा कण आणि किडाही डोळ्याला इजा करतो.

१७. घरात सिकलसेलचा पेशंट आहे. बसू द्यावं का?

हा प्रश्न गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातून येतो आणि मोठ्या पार्कांच्या पाट्यांवर त्याचे उत्तर सहसा नसते. आजार असलेल्या, म्हणजे एसएस, व्यक्तीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेगवान कोस्टरमध्ये बसू नये. खुब्याचे हाड खराब झाले असेल किंवा आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर नाहीच. राइडपेक्षाही उन्हातली दोन तासांची रांग आणि नंतर गार पाण्यात भिजणे धोक्याचे, कारण पाणी कमी पडणे आणि अंग एकदम गार होणे यांनी वेदनेचा झटका येतो. पाण्याची बाटली, कोरडे कपडे, नेहमीच्या गोळ्या आणि सिकलसेलचे कार्ड जवळ असू द्या. एएस, म्हणजे वाहक, असलेल्याला एरवी मनाई नसते, पण पाणी भरपूर प्यावे.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांनी बसू नये.

१८. डोळ्यांपुढे अंधारी का येते?

जोरदार वळणावर रक्त डोक्याकडून पायांकडे रेटले जाते. भार चार g च्या, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपटीच्या, वर काही सेकंद टिकला की आधी रंग फिके पडतात, मग कडेने काळे होत येते. व्हर्जिनियातल्या इंटिमिडेटर ३०५ वर, २०१० साली, पहिल्या वळणात अनेकांना असे होऊ लागले, तेव्हा पार्कने त्या वळणाचा रूळच बदलून वळण सैल केले.

डोके आसनाला टेकवा, पुढे पाहा, वळण येताच पोटऱ्या आणि मांड्या आवळा. रिकाम्या पोटी बसू नका. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत उपवास धरून झुल्यात बसणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. आधी लिंबू-साखरेचे पाणी घ्या. उतरल्यावरही पाच मिनिटांत डोके हलके वाटणे थांबले नाही, किंवा एका बाजूचा हात जड वाटला, तर थेट दवाखाना गाठा.

१९. यात्रेतल्या झुल्यात बसण्याआधी आपण काय पाहू शकतो?

बरेच काही, आणि तिकीट घ्यायच्या आधी. पहिली फेरी नुसती उभी राहून पाहा.

तळ पाहा. झुल्याचा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर टेकलेला असतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर एखादा ठोकळा काळ्या मातीत रुतलेला दिसतो, आणि फिरताना सांगाडा त्या बाजूला झुकतो. असे दिसले तर बसू नका. ठोकळ्याखाली पत्रा किंवा दगड सारून केलेली मलमपट्टी चालत नाही, झुला रिकामा करून पुन्हा पातळीत घ्यावा लागतो.

पिना पाहा. आकाशपाळण्याचे आरे आणि पाळणे जाड पिनांनी जोडलेले असतात, आणि पीन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात कॉटर पीन घालून तिचे पाय फाकवलेले असतात. तिच्या जागी तार पिळलेली, खिळा घातलेला किंवा भोक रिकामे दिसले तर तो झुला सोडा.

रंगावर जाऊ नका. ताज्या रंगाखालून गंजाची तांबूस रेघ झिरपलेली दिसली तर तिथे बहुधा तडा असतो. पाळण्याच्या दाराला कडी आणि शिवाय साखळी, अशा दोन अडकवण्या हव्यात. पाळणे भरताना समोरासमोर भरतात का ते पाहा. एकाच बाजूला गर्दी केली तर चाक त्या बाजूला ओढले जाते आणि मोटरला थांबवणे जड जाते. जनरेटरची केबल लोकांच्या पायांखालून उघडी गेलेली नसावी, सांगाड्याला अर्थिंगची तार असावी.

शेवटी माणूस पाहा. झुला फिरत असताना चालवणारा लिव्हरपाशी उभा हवा. तो लिव्हर सोडून तिकिटे फाडायला किंवा दुसऱ्या झुल्याला धक्का द्यायला जात असेल, तर बाकी सगळे ठीक असूनही बसू नका.

यात्रा समितीने आणि ग्रामपंचायतीने पोलीस परवाना, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचा तपासणी दाखला आणि विद्युत निरीक्षकाचा दाखला झुला उभा झाल्यावर मागावा. मागच्या गावचा दाखला चालवून घेऊ नये. झुला तोच असला तरी जोडणी नवी असते.

२०. आयटीआय झाला आहे. या क्षेत्रात काम मिळतं का?

मिळते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडची मुले पार्कांच्या देखभाल विभागात लागतात. फिटरने टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) आणि बेअरिंग नीट शिकावे, इलेक्ट्रिशियनने पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सर. वेल्डरने विनाविध्वंस तपासणीचा (वस्तू न तोडता आतला दोष शोधण्याचा) अभ्यासक्रम केला तर त्याचे मोल वाढते. उंचीवर हार्नेस घालून काम करायची तयारी लागते आणि दिवस पहाटे सुरू होतो: रूळ चालत पाहणे, बोल्टवरची रंगाची खूण सरकली का पाहणे, चाके, दांड्या, मग रिकाम्या फेऱ्या, मग सही. काही गडबड दिसली तर सही न करता राइड बंद ठेवायचा, वरिष्ठ कितीही घाई करोत.

२१. राइड चालू आहे आणि खांबाला तडा दिसतो आहे, किंवा काहीतरी हलते आहे. आपण बोलावं का? आपण काही इंजिनिअर नाही.

बोलावेच. नॉर्थ कॅरोलायना-साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या कॅरोविंड्स पार्कात फ्युरी ३२५ हा ९९ मीटर उंचीचा कोस्टर आहे. ३० जून २०२३ ला एका पाहुण्याच्या लक्षात आले की गाडी जाताना एका खांबाचा वरचा भाग खालच्या भागापासून सरकतो आहे. वेल्डच्या रेषेवर आरपार तडा गेला होता. त्याने चित्रीकरण करून पार्कला कळवले, कोस्टर बंद झाला, खांब बदलला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाला. रोजच्या तपासणीतून सुटलेली गोष्ट खालून पाहणाऱ्या माणसाला दिसली.

पार्कात असाल तर स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला नेमका खांब दाखवा, आणि दहा सेकंदांचे चित्रीकरण गाडी त्यावरून जातानाचे घ्या, कारण गाडी नसताना तडा मिटलेला दिसतो. यात्रेत असाल तर आधी चालवणाऱ्याला हाक मारून थांबवायला सांगा, बसलेल्यांना ओरडून घाबरवू नका, ते दार उघडून उडी मारतात. पाळणा एकेक करून खाली आणून रिकामा होऊ द्या. तो ऐकत नसेल तर बंदोबस्ताच्या पोलिसाला गाठा किंवा ११२ ला फोन लावून यात्रेचे गाव, झुल्याचे नाव आणि काय तुटले आहे ते सांगा.